मिशी गेली तो रविवार

हल्ली महिन्यातून दोन-तीन माणसं तरी माझ्या दुकानात येतात, खुर्चीत बसतात आणि मला म्हणतात, "राघोबा, त्या दिवशी माझी मिशी तूच काढलीस, आठवतं ना?" कोणता दिवस, हे मला विचारावं लागत नाही. सन वीस, ऑगस्टची पहिली तारीख, रविवार. मुंबईहून तार आली तो दिवस. जे गेले त्यांचं नाव मी इथे लिहीत नाही. त्यांचा जन्म आमच्याच गावचा. रत्नागिरीत नुसतं "ते" म्हटलं तरी लोकांना कळतं.

मी आपला "आठवतं तर" म्हणतो. गिऱ्हाइकाच्या गळ्याशी वस्तरा असताना त्याला खोटं पाडायचं नाही. पण गेल्या निवडणुकांपासून ही गर्दी फारच वाढली आहे. जेवढ्या लोकांच्या मिश्या मी त्या दिवशी काढल्या असं सांगतात, तेवढ्या मिश्या तेव्हा अख्ख्या शहरात नव्हत्या. परवा एक गृहस्थ आले. "दुखवट्याची माझी मिशी..." त्यांनी सुरुवात केली. त्यांचं आजचं वय पंचवीस असेल. मी त्यांच्या हनुवटीला साबण लावला.

खरं सांगायचं तर त्या दिवशी मी पंधरा-सोळा मिश्या काढल्या, त्यातली शेवटची माझी स्वतःची. पहिली कोणाची हे मात्र आजवर कोणालाच ठाऊक नाही. संपादकांनी 'धंद्यातल्या आठवणी लिहा' म्हणून पत्र घातलं, तेव्हा मी तीच लिहायची ठरवली. तिच्या धन्याची परवानगी घेतली. ते म्हणाले, "पेन्शन सुरू झालीय, आता खुशाल लिही. नाव तेवढं बदल." म्हणून त्यांना मी इथे सखारामपंत मुळ्ये म्हणतो.

आधी धंद्याविषयी दोन शब्द. वस्तरा चालवणारा हात उजवा, पण हजामतीची सगळी कला डाव्या हातात असते. गिऱ्हाइकाची कातडी ताणायची, मान वळवायची, नाकाचा शेंडा चिमटीत धरायचा, हे सगळं डाव्या हाताने आणि गिऱ्हाइकाला ते कळू न देता करायचं. गालावर वस्तरा मोकळा फिरतो. मिशीपाशी आला की त्याला थांबता आलं पाहिजे. मिशी कोरणं हे आमच्यातलं सगळ्यात नाजूक काम. एक केस इकडे आला तरी माणसाचा चेहरा बदलतो.

आणि आजच्या गुळगुळीत ओठांच्या तरुणांना हे सांगायला हवं, की तेव्हा मिशी ही हौसेची गोष्ट नव्हती. बाप जिवंत असलेला माणूस मिशी काढत नसे. आई-बाप गेले की मुलाने ती काढायची. त्यामुळे बिनमिशीचा माणूस रस्त्यात दिसला की ओळखीचा-अनोळखी, जो तो आधी हळू आवाजात विचारी, "कोण गेलं?"

सखारामपंत एका सरकारी कचेरीत कारकून होते. वय पस्तिशीच्या आसपास. मूळचे मालगुंडचे. वडील, म्हणजे तात्या, तिकडेच असत, भिक्षुकी करत आणि थोडी नारळाची वाडी सांभाळत. पंतांचा स्वभाव भित्रा. साहेबाची टोपी खुंटीवर दिसली तरी उभे राहणारे. पण मिशी अशी, की ती पाहून परक्या माणसाने त्यांना फौजदार समजावं. दर रविवारी, कचेरीच्या सुट्टीच्या दिवशी, सकाळी नऊच्या सुमाराला ते येत, खुर्चीत मान टाकून डोळे मिटत आणि म्हणत, "राघू, मिशीला धक्का नको हां."

त्या रविवारी पाऊस लागून राहिला होता. दुकानात आम्ही तिघेच. खुर्चीत पंत, मी, आणि बाकावर हसनमियाँ तांडेल. पावसाळ्यात गलबतं किनाऱ्यावर ओढून ठेवतात, त्यामुळे चार महिने तांडेलांना जमिनीवर काय करावं ते सुचत नाही. हसनमियाँ ते चार महिने माझ्या बाकावर काढत. दर्यावर चाळीस माणसांवर ओरडायची सवय असलेला माणूस, इथे बसून माझ्या कामावर देखरेख करी.

मी पंतांची डावी मिशी कोरून संपवली होती, उजवीला हात घातला होता. समोर बाबू शिंप्याचं दुकान. तेवढ्यात एक रेडा पाऊस चुकवायला म्हणून शिंप्याच्या पडवीत चढला. बाबू आतून काठी घेऊन आला. रेड्याने मान झटकली आणि दोरीवर टांगलेला एक नवाकोरा सदरा त्याच्या शिंगात अडकला. तो सदरा शिंगावर घेऊन रेडा शांतपणे रस्त्यात उतरला. बाही त्याच्या डोळ्यावर आली होती. मागून बाबू, "अरे, उद्या द्यायचाय तो, उद्या द्यायचाय!" म्हणत धावतोय.

हसनमियाँ म्हणाले, "राघो, बघ, कोणत्या अंगाने शीड लावलंय!"

मला हसू आलं. नुसतं आलं नाही, पोटातून आलं. माझा डावा हात हलला, उजवा थांबला नाही, आणि पंतांची उजवी मिशी नाकापासून गालापर्यंत साफ निघून वस्तऱ्याच्या पात्यावर आली.

आणि त्याच क्षणी बाहेरून बाबूची ओरड आली, "गेले! गेले रे, गेले!"

पंत दचकून उठले. मला वाटलं सदरा फाटला. हसनमियाँ बाकावरूनच म्हणाले, "कपडे गेले तर जाऊ दे, दुसरे शिव!"

पण बाबू रेड्याकडे बघत नव्हता. तारऑफिसाकडून धावत येणारा एक शिपाई त्याला वाटेत भेटला होता आणि त्याने त्याला काहीतरी सांगितलं होतं. बाबू आमच्याकडे वळला, "मुंबईत ते गेले," म्हणाला आणि काठी हातात घेऊनच चिखलात मटकन खाली बसला. रेडा सदऱ्यासकट पुढे निघून गेला. त्याला कोणी अडवलं नाही.

त्यानंतर दहा मिनिटांत बाजार बंद झाला. कोणी दवंडी पिटली नाही की काही नाही, फळ्या पडत गेल्या. बायका दारात येऊन उभ्या राहिल्या. हसनमियाँनी डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली आणि रस्त्याकडे बघत राहिले. मलाही फळी टाकायची होती. पण माझ्या हातात सखारामपंतांची अर्धी मिशी होती.

पंत उभ्यानेच आरशात बघत होते. मी म्हणालो, "पंत, तुम्ही एकदम उठलात हो."

हे मी बोललो. अजून कानात आहे माझ्या.

मी घाईने पुढे म्हणालो, "काळजी करू नका. दोन्हीकडून कमी करून नाकाखाली दोन बोटं ठेवतो. नवी तऱ्हा म्हणून खपेल. तात्या आहेत ना तुमचे, सगळी काढणं बरं नाही."

ते पुन्हा खुर्चीत बसले. म्हणाले, "नको. सगळी काढ."

मला वाटलं, धक्क्याने बोलतायत. मी काढली. मग मागच्या दारातून एकेक माणूस येऊ लागला, "राघोबा, दुकान बंद असू दे, पण एवढं कर," म्हणत. दुपारपर्यंत मी दुखवट्याच्या मिश्या काढत होतो. सगळा गाव बंद होता आणि बंद पाळता येत नव्हता तो मला एकट्यालाच.

सोमवारी कचेरी उघडली. सरकारी नोकरांपैकी कोणी कोणी दुखवटा पाळला त्याची यादी वर जाणार, अशी गावात कुजबूज होती. यादी होती की नव्हती हे मला आजही ठाऊक नाही, पण कुजबुजीने घाबरायला यादी लागत नाही. पंत जाऊन आपल्या जागेवर बसतात न बसतात तोच शिरस्तेदार, म्हणजे कचेरीतले मुख्य कारकून, समोर येऊन उभे राहिले. त्यांनी पंतांच्या वरच्या ओठाकडे बघितलं.

"काय मुळ्ये? कोण गेलं?"

पंत मला मागाहून सांगत होते, की ते खरं तेच सांगणार होते. न्हाव्याच्या दुकानात अपघात झाला म्हणणार होते. पण ते ऐकून कोणाचा विश्वास बसला असता? नेमका त्याच दिवशी? तेवढ्यात त्यांच्या तोंडातून निघून गेलं, "वडील."

"कधी?"

"काल."

"काल वडील गेले आणि तू आज कचेरीत?" शिरस्तेदार दोन पावलं मागे सरकले. सुतकी माणूस. त्यांनी आधी आपलं उपरणं आवरलं, मग टेबलावरचे कागद. "शिवलास का कुठे? तो दौतीचा ट्रे? राहू दे, राहू दे, तिथेच राहू दे. अरे, माणूस आहेस की कोण? जा आधी! तेरावा उरकून ये!"

आणि रजेचा अर्जही न घेता त्यांनी पंतांना कचेरीतून घालवून दिलं. सरकारी नोकरीत रजा नको म्हणत असताना सक्तीने मिळालेला दुसरा माणूस माझ्या ऐकिवात नाही. पंत माझ्या मागच्या दाराने आत आले आणि हत्यारांच्या धोकटीशेजारी जमिनीवर बसले.

"राघू, मी तात्यांना मारलं रे."

"आता?"

"आता तेरा दिवस कुठे जाऊ? इथे राहिलो तर लोक विचारतील, क्रियेला गेला नाहीस का."

हसनमियाँ बाकावरून म्हणाले, "मग मालगुंडाला जा."

"तिथे तात्या आहेत!"

"तेच म्हणतो. बापाच्या तेराव्याला बापाकडेच जायला हवं."

दुसरं काही सुचण्यासारखं नव्हतं. पंत दोन खाड्या तरीने ओलांडून, भिजत मालगुंडला गेले. तात्या वाडीत नारळ सोलत होते. मुलाचा चेहरा दिसला तशी त्यांच्या हातातला नारळ खाली पडला.

"अरे सखाराम! मी आहे ना रे अजून?"

या बापलेकांचं पटत नसे, हे इथे सांगायला हवं. मुलाने सरकारची चाकरी धरली तेव्हापासून तात्या त्याच्याशी कामापुरतं बोलत. 'आमचे साहेबभक्त' म्हणत. त्यांची भक्ती वेगळीकडे होती. जे गेले त्यांचं वर्तमानपत्र जुनं-पानं मिळेल तिथून आणून ते देवापुढे बसून वाचत. आता मुलगा असा समोर उभा. कचेरीतलं खोटं सांगायची सोय नव्हती आणि न्हाव्याचं खरं सांगायचं बळ नव्हतं. पंत म्हणाले, "तात्या, ते गेले ना. त्यांच्यासाठी काढली."

तात्यांनी त्याला जवळ घेतलं. मुंजीनंतर पहिल्यांदाच, असं पंत म्हणाले. मग तेरा दिवस पंतांनी बापाच्या सुतकाची रजा बापाच्या शेजारी पाटावर बसून खाल्ली. तात्या गावात ज्याला त्याला सांगत, "आमच्या सखारामाने मिशी दिली." तेराव्या दिवशी पंतांच्या हातात नारळाची पिशवी देऊन तात्यांनी निरोप दिला आणि पंत कचेरीत हजर झाले. कचेरीत सगळ्यांनी सांत्वन केलं. प्रकरण मिटलं, असं आम्हाला वाटलं.

आणखी पंधरा-वीस दिवस गेले असतील. एके सकाळी एक उंच, काटक म्हातारे अनवाणी, गुडघ्यापर्यंत चिखलाने माखलेले माझ्या दारात उभे राहिले.

"राघू न्हावी तो तूच का?"

"हो."

"मी सखाराम मुळ्येचा बाप. त्याची मिशी ज्या वस्तऱ्याने काढलीस, त्याच वस्तऱ्याने माझी काढ. गावात काढली असती, पण म्हटलं, नाही. तिथेच जायचं. सखारामला ठाऊक नाही मी आलोय ते. मग जातो कचेरीत, त्याच्या साहेबलोकांनाही बघू दे बाप कसा आहे."

मी हसनमियाँकडे पाहिलं. त्यांनी आभाळाकडे पाहिलं. मी तात्यांना खुर्चीत बसवलं आणि कचेरीत जाण्यापासून यांना कसं थांबवायचं याचा विचार करत जितका हळू साबण फेसता येईल तितका हळू फेसू लागलो.

फेस लावून झाला आणि दारात छत्री मिटल्याचा आवाज आला. शिरस्तेदार! रविवार सोडून ते कधी येत नसत. त्या दिवशी साहेब दौऱ्यावर होते म्हणून आले.

"राघू, किती वेळ लागेल?"

"बसा, बसा, हे काय, झालंच," मी म्हणालो आणि तात्यांच्या ओठांवर आणखी एक फेसाचा थर चढवला. "तात्या, बोलू नका हं. साबण तोंडात जाईल."

शिरस्तेदार बाकावर हसनमियाँच्या शेजारी बसले. हसनमियाँनी गडबडीने विचारलं, "रावसाहेब, यंदा कोळंबी काय मिळत नाही, नाही?" शिरस्तेदार ब्राह्मण. त्यांनी हसनमियाँकडे नुसतं पाहिलं. मग उसासा टाकून माझ्याकडे वळले.

"राघू, आमचा सखाराम येतो ना रे तुझ्याकडे? फार वाईट वाटतं. बाप गेला बिचाऱ्याचा."

माझा वस्तरा तात्यांच्या गळ्यावर होता. गळ्याची घाटी एकदा वर गेली आणि खाली आली. तात्यांचे डोळे उघडले.

"हलू नका," मी म्हणालो. या वेळी माझा हात थांबला. तेवढं श्रेय मी घेतो.

"कोणाचा बाप?" फेसातून आवाज आला.

"आमच्या कचेरीतले मुळ्ये म्हणून आहेत," शिरस्तेदार म्हणाले. "मालगुंडचे. त्यांचे वडील त्याच दिवशी गेले, तार आली त्या दिवशी. मला आधी शंका आली होती हो, की याने मिशी भलत्यासाठीच काढली. पण परवा मी त्याला सहज वडिलांबद्दल विचारलं. असा रडला, असा रडला की काय सांगू! म्हणाला, इथे इंग्रजी शाळेत होतो तेव्हा दर महिन्याला तांदळाचं ओझं डोक्यावर घेऊन तात्या मालगुंडहून चालत यायचे. तरीचे पैसे वाचवायला ओहोटीला खाडी उतरायचे. एकदा पाण्यात पाय घसरला तर स्वतः गळ्यापर्यंत बुडाले, पण तांदूळ भिजू दिला नाही. म्हणाला, मी त्यांना कधी चार शब्द चांगले बोललो नाही, रावसाहेब, आता कोणाला बोलू? माझ्या डोळ्यांत पाणी आलं हो."

तात्यांनी डोळे मिटले होते. डोळ्यांच्या कडेने पाणी आलं आणि गालावरच्या फेसात एक रेघ पडली. मी ती वस्तऱ्याने पुसली, मग गाल, मग मिशी. पांढरी, विरळ मिशी होती. दोन फटक्यांत गेली.

मी टॉवेल दिला. तात्या उठले. शिरस्तेदारांनी त्यांचा ओठ पाहिला आणि अदबीने विचारलं, "आपल्याकडे कोण गेलं?"

आता बाप उठून "मीच तो" म्हणणार आणि पंत नोकरीतून उठणार. खोटं बोलून सरकारची रजा खाल्ली, वर त्या दिवशीचा दुखवटा. पंतांना तीन मुलं होती.

तात्या म्हणाले, "तुम्ही आत्ता म्हणालात ते. मालगुंडचे मुळ्ये. आम्ही एकाच घरचे."

"अरेरे! म्हणजे सखारामचे चुलते का आपण?"

"तसंच समजा."

"फार मोठा माणूस गेला तुमचा."

"तेवढा मोठा नव्हता हो," तात्या म्हणाले. "पण मुलाने चांगलं केलं त्याचं."

शिरस्तेदारांची दाढी होईपर्यंत तात्या बाहेर पडवीत पावसाकडे बघत उभे राहिले. शिरस्तेदार त्यांना नमस्कार करून गेले. मग ते आत आले.

"राघू, एक विचारतो. खरं सांग. मिशी त्याने कोणासाठी काढली? कचेरीत म्हणतो माझ्यासाठी. मला म्हणतो त्यांच्यासाठी."

समोर बाबू शिंपी यंत्र चालवत होता. हसनमियाँनी मान खाली घातली. रेडा आणि सदरा माझ्या जिभेवर होते.

"त्यांच्यासाठी, तात्या," मी म्हणालो. "माझ्या डोळ्यांदेखत. बातमी आली आणि म्हणाले, सगळी काढ."

तात्यांचा चेहरा उजळला. "मग कचेरीत मी मेलेलाच बरा," ते म्हणाले. "सखारामाला सांगू नकोस मी आलो होतो ते. आणि घरात हिच्या कानावर जाता कामा नये, तिचं कुंकू आहे." हसनमियाँना रामराम करून ते आल्या वाटेने परत गेले. त्यानंतर रत्नागिरीत त्यांनी पाऊल टाकलं नाही. कोर्टाचं काम असो की डोळ्यांचा डॉक्टर असो. पंतांना वाटे, म्हातारपणामुळे येत नाहीत. सुट्टी मिळाली की तेच तिकडे जात. बापलेकांचं आता चांगलं चालत असे, ओटीवर बसून तासन् तास बोलत, असं पंतच मला सांगत. मी ऐकत असे आणि वस्तरा चामड्यावर घासत असे. पंतांची मिशी वर्षभरात पुन्हा पहिल्यासारखी झाली. ती कोरताना मी कधी रस्त्याकडे बघितलं नाही.

अकरा वर्षांनी, शिमग्याच्या आधी, एके सकाळी पंत आले. डोळे लाल. मालगुंडहून माणूस आला होता. तात्या आदल्या दिवशी गेले, पंतांच्या धाकट्या भावाने अग्नी दिला. पंत आधी कचेरीत रजा मागायला गेले, तर तिथे वडील केव्हाच वारलेले! म्हणून त्यांनी अर्जात लिहिलं, चुलते वारले.

"राघू," ते खुर्चीत न बसताच म्हणाले, "शिरस्तेदार म्हणाले, 'अरेरे, ते चुलते! त्यांना मी भेटलोय राघूच्या दुकानात. गोड माणूस.' आणि तीन दिवस रजा दिली. मला चुलता नाही, राघू. कोणाला भेटले ते?"

मग मी सांगितलं. तात्या आले ते, फेसाखाली बसून सगळं ऐकलं ते, तांदळाच्या ओझ्याचं, शिरस्तेदारांना त्यांनी दिलेलं उत्तर. पंत ऐकत उभे होते. शेवटी म्हणाले, "म्हणजे ऐकलं त्यांनी."

"ऐकलं, पंत. सगळं."

ते खुर्चीत बसले. मी मिशी काढली. बापासाठी, या वेळी खरोखर. ते तसेच मालगुंडला गेले.

चौथ्या दिवशी कचेरी सुटल्यावर ते पुन्हा आले. सुतक अजून होतं, पण चुलत्याची रजा संपली होती. बाकावर बसले. हसनमियाँ तेव्हा दर्यावर होते, दुकानात दुसरं कोणी नव्हतं. पंत म्हणाले, "आज कचेरीत काय झालं सांगू? कोणीसुद्धा विचारलं नाही, कोण गेलं म्हणून. आमच्याकडे आता सगळी मुंबईची पोरं आलीत, एकाला मिशी नाही. मला बघून टाळ्या वाजवल्या. 'पंत, शेवटी तुम्हीही फॅशन केलीत!' एकाने तर मला कोणत्या साबणाने त्वचा मऊ राहते ते सांगितलं."

मला हसू आलं. पोटातून. आवरलं नाही. पंतही हसायला लागले, आणि मग आम्ही दोघेही एकदम थांबलो. माझ्याने राहवेना. मी म्हणालो, "पंत, आणखी एक सांगायचंय. त्या रविवारी तुम्ही उठलात म्हणून मिशी नाही गेली. मी रेड्याला हसत होतो. हात माझा चुकला. आणि मी ते तुमच्यावर ढकललं."

"ठाऊक आहे मला," पंत म्हणाले. "वस्तरा आधी फिरला, बाबूची ओरड मागून आली."

"मग अकरा वर्षं बोलला का नाहीत?"

"काय बोलू? बातमी कानावर आली तेव्हा पहिला विचार मनात आला, आता तोंड कसं ठेवायचं, दुःख कचेरीत दिसायला नको. लाज वाटली रे. आणि आरशात बघतो तर अर्धी मिशी गेलेली. तू म्हणालास, दोन बोटं ठेवतो, खपेल. खपली असती. कोणाला काही कळलं नसतं." त्यांनी मोकळ्या ओठावरून बोट फिरवलं. "अर्धी तुझ्या हातून गेली, राघू. पण उरलेली मी काढायला सांगितली. तेवढी अर्धी मी त्यांना दिली."